तिसरा गट

अभिनंदन हा शब्द बरोबर छापलेला आहे हे त्याने आधी पाहिलं. अभिनंदन कशाबद्दल, ते नंतर. चव्वेचाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितशोधकाचं काम केलेल्या माणसाची नजर अशीच उलटी चालते. कुणाची लग्नपत्रिका हातात आली तर मुलीचं नाव वाचायच्या आधी तो त्यावरचा अनुस्वार तपासायचा, आणि बायको म्हणायची, "माझ्या मरणाची बातमीसुद्धा तुम्ही पेन घेऊनच वाचाल." तीन वर्षांपूर्वी ती वेळ आली तेव्हा त्याने खरोखरच पेन घेतलं होतं, तीन ओळींत दोन चुका होत्या. आता स्वयंपाकघरातल्या टेबलावर, साखरेच्या डब्याला टेकवून ठेवलेल्या टॅबवर, मजकूर होता तो असा: सर्व चोवीस धडे पूर्ण. एकूण गुण ब्याण्णव टक्के. गट तिसरा, स्वतंत्र. आणि त्याखाली, लोकांनी वाचू नये असं वाटतं तो मजकूर ज्या बारीक टायपात घालतात त्या टायपात: गटबदलामुळे निवासाच्या प्रतीक्षायादीतील आपली नोंद बंद करण्यात येत आहे. त्याने ते वाक्य तीनदा वाचलं. त्यात एकही चूक नव्हती. एखादी सापडली असती तर त्याला धीर आला असता.

"हिरवं," शेजारी बसलेली माऊ म्हणाली. ती खुर्चीत पाय वर घेऊन बसली होती, जशी सहाव्या वर्षी बसायची आणि आता अडतिसाव्या वर्षीही बसत होती. माऊ हे काही तिचं खरं नाव नव्हे, पण खरं नाव फक्त दवाखान्याच्या कागदांवर उरलं होतं. "सगळं हिरवं. बाबा, शाब्बास म्हणा." तो शाब्बास म्हणाला.

निवास म्हणजे संस्थेचं घर. बसडेपोच्या मागे, दोन मजली, चौदा खोल्यांचं. अकरा वर्षांपूर्वी तो आणि बायको ते पाहायला गेले होते. बायकोने सरळ मुदपाकखान्यात जाऊन भांड्यांत डोकावून पाहिलं, चादरी नाकाशी धरल्या, एका बाईला विचारलं, "रात्री कुणी रडलं तर कोण उठतं?" तो मात्र दाराशी लावलेला सूचनाफलक वाचत उभा राहिला. परतताना बायको म्हणाली, "चालेल. आपण दोघंही गेल्यावर हिला हे चालेल." त्या दिवशी यादीत माऊचा नंबर एकतिसावा लागला. आता चौथा होता. निवासातली खोली रिकामी होण्याचा मार्ग एकच होता, आणि अकरा वर्षं हा सभ्य, भिडस्त, रस्त्यात मुंगीलाही वाट देणारा माणूस त्या मार्गावर डोळे लावून बसला होता. कधी संस्थेचं पत्र यायचं, अमुक रहिवासी आपल्याला सोडून गेले, श्रद्धांजली. तो वाचून हळहळायचा, पत्राची घडी घालायचा, आणि घडी घालता घालता मनात एक नंबर कमी करायचा. स्वतःचा असा पुरेपूर तिटकारा येण्याचे प्रसंग त्याच्या आयुष्यात बरेच होते, पण घड्याळ लावल्यासारखा नियमाने येणारा हाच. सत्त्याहत्तर वर्षांचा होता तो. डॉक्टरांनी त्याच्या हृदयाचं चित्र कागदावर काढून एका ठिकाणी पेनाने गोल केला होता, आणि तो गोल पाहून त्याला वाटलं होतं, इथे दुरुस्ती करायची राहिली आहे, आणि समासात जागा नाही.

त्याने थोरल्याला फोन लावला. माऊचा हा दादा दुसऱ्या देशात राहत होता, टॅब त्यानेच पाठवला होता.

"बाबा, ही तर चांगली बातमी आहे!"

"तिचं नाव काढलं यादीतून."

"कारण तिला गरज नाही म्हणतायत ना ते. स्वतंत्र म्हणतायत. ब्याण्णव टक्के! मला कधी पडले नाहीत."

"तिला बूट कुठल्या पायातला कुठला ते कळत नाही रे."

"तुम्हाला कशात चांगलं दिसलंय का कधी? जन्मभर दुसऱ्याच्या चुका काढल्यात. आता चूक नाही सापडली तर बेचैन."

"आणि मी गेल्यावर?"

तिकडे थोडा वेळ भांड्यांचा आवाज आला. "तुम्ही ठणठणीत आहात बाबा," थोरला म्हणाला. "तेव्हाचं तेव्हा बघू." तेव्हाचं तेव्हा. म्हणजे कुणाचंच नाही, केव्हाचंच नाही. फोन ठेवल्यावर त्याला वाटलं, आपण त्याला खरं सांगितलंच नाही. ते ब्याण्णव टक्के कुणाचे आहेत, ते.

ते त्याचे होते. असं तो धरून चालला होता. दोन वर्षांपूर्वीपर्यंत संस्थेचा दुपारचा वर्ग असायचा. व्हॅन यायची, माऊ पुढच्या सीटवर बसायची, तिकडे तिची एक मैत्रीण होती जी बोलत नसे पण दिवसभर माऊच्या वेणीचं टोक मुठीत धरून बसे. मग एक पत्रक आलं: आता शिक्षण आपल्या दारी, घरबसल्या, प्रत्येकाच्या गतीने. वर्गाची जागा कुणालातरी भाड्याने गेली, व्हॅन विकली, आणि वेणी धरणारी मैत्रीण कुठे गेली हे कुणी कळवलं नाही. तिच्या जागी पडद्यावर एक ताई आली, चित्रातली, एकसारखी हसणारी, पापणी न लवणारी. ती प्रश्न विचारी, तीन चित्रं दाखवी. आग लागली तर कशाने खाली उतरायचं? बोट बरोबर चित्रावर पडलं तर पडदा हिरवा, चुकलं तर लाल, आणि ताई अतोनात गोड आवाजात म्हणे, "पुन्हा प्रयत्न करू या." तो गोडवा माऊला सहन होत नसे. तिसऱ्यांदा लाल झालं की ती स्वतःचं मनगट चावायची. डाव्या मनगटावर लहानपणापासूनचा एक पांढरा व्रण होता, त्यावर पुन्हा दात उमटू लागले. पहिल्या आठवड्यात त्याने तिचा हात धरून ठेवला. दुसऱ्या आठवड्यात तेच बोट धरून बरोबर चित्रावर टेकवलं. मनगट वाचावं म्हणून, असं त्याने स्वतःला सांगितलं. पण ते अर्धंच खरं होतं. डोळ्यांदेखत पानावर चूक राहू देणं त्याला कधी जमलंच नव्हतं. बाकाखालून कॉपी पुरवणाऱ्या पोराइतकीच त्याची छाती धडधडायची, आणि हिरवं झालं की त्यालाच बरं वाटायचं.

पुढे बोट धरायचीही गरज उरली नाही. माऊ एकेका चित्रावर बोट नेई आणि त्याच्या तोंडाकडे पाही. तो खाकरला की बोट पुढे सरके. नंतर खाकरणंही संपलं. त्याचा श्वास जरासा अडला तरी तिला कळे. छापखान्यात मूळ प्रत वाचणारा आणि प्रूफ धरणारा असे दोघे वर्षानुवर्षं समोरासमोर बसले की वाचणाऱ्याच्या आवाजावरून दुसऱ्याला पुढची ओळ कळते, तसं. ती माझं तोंड वाचते, प्रश्न वाचत नाही, असं तो स्वतःशी म्हणायचा, आणि त्यात त्याला एक प्रकारचा कडवट अभिमानही होता: जगात एक माणूस तरी आहे जो माझ्याकडे इतकं लक्षपूर्वक पाहतो. अधूनमधून तो वाचनालयात जाई, औषधं आणायला जाई, आणि परत आल्यावर एखादा धडा पुढे सरकलेला दिसे. तेव्हा तो म्हणे, नशीब. तीनात एक लागतोच. त्यापलीकडे जाऊन त्याने कधी विचार केला नाही. का केला नाही हे आता सांगता येणार नाही. कदाचित त्यामुळे बायकोचं म्हणणं खरं ठरलं असतं म्हणून.

कारण तो त्या घरातला सर्वांत जुना वाद होता. "तिला सगळं कळतं," बायको म्हणायची, "ती बोलून दाखवत नाही एवढंच." आणि तो म्हणायचा, "तुला तसं वाटतं. आईला वाटतंच." पहिल्या शाळेच्या बाईंनी माऊला चौथ्या दिवशी घरी पाठवलं तेव्हा बायको त्यांच्या दारात जाऊन भांडली, आणि तो तिच्या मागे उभा राहून शाळेच्या पाटीवरचा ऱ्हस्व-दीर्घ पाहत होता. बायको माऊला भाजी निवडायला बसवायची आणि मुद्दाम त्याच्यासमोर म्हणायची, "बघा, किडकी बाजूला काढते. कळल्याशिवाय काढते?" तो चष्मा वर करून पाही आणि म्हणे, "सवय आहे ती." सवय. हा शब्द त्याने अडतीस वर्षं त्या पोरीवर ठेवला होता, कागद उडू नये म्हणून वर दगड ठेवतात तसा. त्याला वाटे आपण वास्तववादी आहोत, दोघांपैकी एकाने तरी असायला हवं. शेवटच्या आजारात बायकोने एकदा त्याचा हात धरून म्हटलं होतं, "मी गेल्यावर तिच्याशी बोलत जा हो. तिला नव्हे, तिच्याशी." त्याने मान हलवली, आणि मनातल्या मनात त्या वाक्यातला फरक तपासून पाहिला. बरोबर होता.

संस्थेच्या मदत-क्रमांकावरच्या बाई म्हणाल्या, फेरमूल्यमापन मागता येतं, पंधरा दिवसांच्या आत, कारण लिहून. त्याने सात मसुदे केले. पहिल्यात लिहिलं, उत्तरं मी दाखवत होतो. वाचून पाहिलं, कानाच्या पाळ्या तापल्या. चव्वेचाळीस वर्षं दुसऱ्याच्या चुकांवर लाल पेन चालवणारा माणूस, त्याला स्वतःच्या एका ओळीची चूक कबूल करवेना. दुसऱ्यात, तिसऱ्यात ते वाक्य बारीक होत गेलं. पाचव्यात कर्ता नाहीसा झाला. सातव्यात उरलं ते एवढंच: तांत्रिक अडचणींमुळे गुण वास्तवाशी सुसंगत नसावेत. किती सफाईदार ओळ होती ती. खाली सही केली. नऊ दिवसांनंतरची तारीख मिळाली. परीक्षा संस्थेच्या कचेरीत होणार होती, पालकांनी बाहेर बसायचं होतं.

इथपर्यंत ठीक होतं. त्याच्या हिशेबाने माऊ, त्याचं तोंड पाहायला मिळालं नाही की आपोआप नापास होणार होती. पण त्याचा स्वतःच्या हिशेबावर कधीच विश्वास नव्हता. तपासलेलं पान पुन्हा तपासायचं, कुलूप लावून पुन्हा ओढून पाहायचं, ही त्याची जात. समजा नशिबाने दहा-बारा बरोबर आले तर? समजा पहिल्या गटात परत न घालता तिला दुसऱ्या गटात टाकलं तर? दुसऱ्या गटाची यादी म्हणे वीस वर्षांची होती. तेव्हा त्याने तिसऱ्या दिवशी सकाळी, चहाचा कप तिच्यासमोर ठेवून, ती गोष्ट केली.

"माऊ, आपल्याला एका ठिकाणी जायचंय. तिथे एक बाई प्रश्न विचारतील. तिथे लाल आणायचं."

माऊने कप खाली ठेवला. "लाल वाईट."

"इथे वाईट. तिथे चांगलं."

"ताई म्हणते पुन्हा प्रयत्न करू या."

"म्हणू दे. आपण लालच आणायचं. सगळं लाल."

"का?"

हा शब्द ती क्वचित वापरे. त्याच्याकडे उत्तर नव्हतं असं नाही. होतं, पण ते तिला सांगण्यासारखं आहे असं त्याला कधी वाटलंच नव्हतं. मी मरणार आहे आणि तुला एक खोली पाहिजे, हे वाक्य काही इतकं अवघड नाही. आठ शब्द. तो म्हणाला, "माझ्यासाठी."

तिने कपाच्या कानावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "बरं."

सराव करून घ्यायची त्याची छाती झाली नाही, कारण टॅबवर जे होतं त्याची नोंद होत असे. तेव्हा रोज सकाळी तो फक्त विचारायचा, "काय आणायचं?" आणि ती म्हणायची, "लाल." पाठांतर घेतल्यासारखं. दोन-तीन दिवसांनी ती विचारायच्या आधीच म्हणू लागली, आणि म्हणताना त्याच्याकडे न पाहता खिडकीकडे पाहू लागली. समोर राहणाऱ्या शिंपीणबाई एकदा उसवलेला परकर शिवून द्यायला आल्या होत्या, त्यांनी ऐकलं. "लाल काय आणताय, लोकर?" त्या म्हणाल्या. माऊ हसली. तोही हसला. हसू ओसरल्यावर त्याला दिसलं की माऊच्या मनगटावर ताजे दात आहेत, आणि टॅब तर चार दिवस बंदच होता.

कचेरीत काचेची एक खोली होती. माऊ आत, पाठमोरी. बाहेर भिंतीशी प्लास्टिकच्या खुर्चीवर तो. तिला तो दिसत नव्हता, त्याला तिची वेणी आणि उजवा हात दिसत होता. आत तिच्या शेजारी मूल्यमापन करणाऱ्या बाई बसल्या होत्या, पन्नाशीच्या, केसांना मेंदीचा तांबूस रंग, डोळ्यांखाली थकवा. दरवाजा नीट लागत नव्हता, त्यामुळे यंत्राचा आवाज बारीक ऐकू येत होता. पहिला प्रश्न. माऊचं बोट उचललं गेलं, हवेत थांबलं, खाली आलं. "पुन्हा प्रयत्न करू या." त्याने श्वास सोडला. दुसरा. लाल. तिसरा. लाल. त्याला आनंद होत होता. बाप नावाच्या माणसाला आपलं मूल चुकतंय म्हणून आनंद होत होता, आणि तो आनंद अगदी खरा होता, पोटातून येणारा, आणि प्रत्येक चुकीसरशी डेपोमागच्या त्या घरातली एक खोली जवळ येत होती, खिडकी, पलंग, दारावर लिहिलेलं तिचं नाव. नाव बरोबर लिहितील ना? सहावा. सातवा. नळ उघडा राहिला तर. अनोळखी माणसाने दार वाजवलं तर. प्रत्येक प्रश्नाला ती वेळ घेत होती. बोट एका चित्रावर जाई, तिथून मागे येई, आणि दुसऱ्यावर पडे. दरवेळी तसंच. जाई, मागे येई, पडे. दहाव्या लालला तो मनात म्हणाला, सुटलो. बाराव्याला त्याच्या मानेवर घाम आला.

छापखान्यात एक जुळारी होता, छपाईचे खिळे जुळवणारा, अबोल. मालकाने त्याचा पगार कापला तेव्हा त्याने एक अख्खं पान रागाने चुकीचं जुळवलं. प्रत्येक ओळीत नेमकी एक चूक. मालक म्हणाला, गाढवाला लिहिता येत नाही. प्रूफ तपासणारा हा मात्र ते पान हातात धरून बसला होता. त्याला पाहताक्षणी कळलं होतं की चुका अशा नसतात. चूक ही विसराळू असते, ती दोन ओळी सोडते, तिसऱ्या ओळीत तीनदा येते. एकही ओळ न सोडता चुकायचं तर माणसाला प्रत्येक ओळ बरोबर येत असावी लागते. त्या जुळाऱ्याला भाषा याच्याइतकीच येत होती, कदाचित काकणभर जास्त. तेव्हा याने मालकाला काही सांगितलं नाही. चूपचाप वीस दुरुस्त्या केल्या. जुळारी नोकरीवरून गेला तो गेलाच. आत पंधरावा प्रश्न चालू होता. बोट एका चित्रावर गेलं. मागे आलं. पडलं. तो खुर्चीवरून अर्धवट उठला, काचेवर टकटक करावी, थांब म्हणावं, एक तरी बरोबर दे गं, एखादं तरी. पण पालकांनी बाहेर बसायचं होतं. तो बसला. सोळा, सतरा, अठरा. माऊची पाठ ताठ होती, वेणी हलत नव्हती. अडतीस वर्षांत त्याने कुणाला इतकं मन लावून काम करताना पाहिलं नव्हतं.

"या काका, आत बसा," वीस प्रश्न संपल्यावर बाई म्हणाल्या. त्यांनी कागद त्याच्याकडे वळवला. "वीसपैकी शून्य."

"हो. तेच मी म्हणत होतो. तिला..."

"मी सतरा वर्षं हे करते. डोळे मिटून बोट ठेवलं तरी तीनातलं एक बरोबर पडतं. सहा येतात, सात येतात. आमचा एक मुलगा टॅब उलटा धरून आठ आणतो." त्या जराशा हसल्या, मग हसल्या नाहीत. "शून्य कुणाला येत नाही, काका. शून्य आणायला सगळं यावं लागतं."

तो टेबलाच्या कडेकडे पाहत होता. सनमायका उचकटलेला होता, खाली भुशाचं लाकूड दिसत होतं.

बाई माऊकडे वळल्या. आवाज बदलला नाही, हे त्याच्या लक्षात आलं. बहुतेक लोकांचा बदलतो. "माऊताई, चुकीचं दाबायला तुला कुणी सांगितलं होतं का?"

माऊने त्याच्याकडे पाहिलं. त्याला ती नजर गालावर जाणवली, ऊन जाणवतं तशी. आता ती तोंड वाचेल, त्याने विचार केला, आणि तोंड कोरं ठेवण्याचा प्रयत्न केला, आणि त्याच क्षणी उमगलं की ती वाचत नाहीये. ती वाट पाहतेय. हा एकविसावा प्रश्न होता, आणि त्याचं बरोबर उत्तर खोलीतल्या तिघांनाही माहीत होतं. त्याने मान वर केली असती तर पुरलं असतं. तो लाकडाकडे पाहत राहिला.

"नाही," माऊ म्हणाली. "कुणी नाही. मला काही येत नाही."

"काका? तुम्ही काही म्हणाला होतात हिला?"

"मी कशाला म्हणेन," तो म्हणाला. हे बोलणं त्याने आधी जुळवून ठेवलेलं नव्हतं. आपोआप आलं, आणि एकदम बिनचूक.

बाईंनी चष्मा काढून कागदावर दोन ओळी लिहिल्या. "गट तिसराच राहील," त्या म्हणाल्या. "आठवड्यातून एकदा आमची कार्यकर्ती घरी येईल, नंतरसुद्धा येत राहील. एवढं येणारी माणसं माझ्यासमोर वर्षाला दोन-तीन येतात, काका. तुम्हाला माहीत नव्हतं का?"

तो म्हणाला, "बोटाने दाखवणं वेगळं. एकटीने राहणं वेगळं. बेल वाजली तर ती मनगट चावते हो."

"तेही वेगळंच आहे," बाई म्हणाल्या, "पण तो रकाना आमच्याकडे नाही. आणि चौथ्या नंबरवर आता जी मुलगी आलीये, तिच्या आईला ऊठबस करता येत नाही." त्यांनी माऊला हात पुढे केला. माऊने तो दोन्ही हातांनी धरून हलवला.

जिना उतरताना ती त्याच्या पुढे होती, कठड्याला धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत. त्याला बोलायचं होतं. बायको असती तर एव्हाना रडून, भांडून, दोघांनाही सुनावून मोकळी झाली असती, आणि मग म्हणाली असती, बघा, सांगत होते की नाही. हेच ऐकायला तो आता जगातलं काहीही द्यायला तयार होता. रस्त्यावर आल्यावर माऊ थांबली. चेहऱ्यावर थकवा होता आणि ओठांवर काम संपल्याची एक आखूड रेघ.

"सगळं लाल आणलं," ती म्हणाली.

"हो."

"आता घरी बरोबर द्यायची?"

"काय?"

"उत्तरं."

"हो," तो म्हणाला. "आता बरोबर दे."

मग बसथांब्यापर्यंत ती देत गेली. तिने घरापर्यंत थांबायचं कारण नव्हतं. त्याचा हात धरून, पावलागणिक एक, न अडखळता, ज्या क्रमाने आत विचारले गेले त्याच क्रमाने. आग लागली तर लिफ्ट नाही, जिना. नळ उघडा राहिला तर मोठा कॉक, बेसिनच्या खाली. अनोळखी माणसाला साखळी न काढता विचारायचं, कोण. गोळ्या डबीतल्या, आजच्या वाराच्या. त्याने मोजणं सोडून दिलं. थांब्यावर बाक होता, दोघं बसले. ती सोळापर्यंत आली होती.

"सतरा. घरातलं माणूस सकाळी हाक मारून उठत नाही, तर काय करायचं?" ताईच्याच सुरात तिने विचारलं, आणि स्वतःच्या आवाजात सांगितलं: "पुन्हा झोपायचं नाही. टीव्ही लावायचा नाही. शेजारी बोलवायचे."

हा प्रश्न त्याने कधी पाहिला नव्हता, मघाशी काचेबाहेरही तो त्याच्या कानावर आला नव्हता. तो कुठल्या धड्यात होता? कुठल्या सकाळी तो वाचनालयात होता, आणि ही एकटी टेबलाशी पाय वर घेऊन बसून हा प्रश्न ऐकत होती?

"आधी जोरात हाक मारायची," माऊ सांगत होती. "बाबा, बाबा. मग हलवायचं. मग समोरच्या शिंपीणबाई. जाताना किल्ली घ्यायची. दार लागतं."

"किल्ली पण सांगितली ताईने?"

"ताईला नाही माहीत. आपलं दार लागतं." तिने त्याचा हात सोडून हवेत दार ओढून दाखवलं. "मी खिळ्यावरून काढून बघितली. हात पोचतो."

त्याने बसची दिशा पाहिली. रस्ता रिकामा होता. मग, तिला नव्हे, तिच्याशी बोलावं तसं त्याने विचारलं, "आणि मग? शिंपीणबाई आल्या. मग काय?"

माऊने त्याच्याकडे नवलाने पाहिलं, इतकं सोपं यांना कसं कळत नाही म्हणून.

"मग अठरा," ती म्हणाली. "दूध नासलंय ते कसं ओळखायचं."